रिक्तिका आणि नीरेकांठचा ऊंस

शास्त्राच्या इतिहासांत नांवांचें आयुष्य पुष्कळदां कल्पनांच्या आयुष्याहून अधिक असतें. ज्या समजुतीवरून एखाद्या वस्तूस नांव पडलें ती समजूत खोटी ठरते, तिच्या जागीं दुसरी येते, ती जाऊन तिसरी येते; परंतु नांव जसेंच्या तसें रहातें, आणि पुढील पिढीचा विद्यार्थी तें नांव शिकतांना नकळत जुनी समजूतही शिकतो. सजीव पेशींतील ज्या भागास आपण मराठींत 'रिक्तिका' म्हणतों त्याची कथा अशीच आहे. रिक्तिका म्हणजे रिकामी जागा. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ तोच, आणि मराठी शब्द करणारांनीं तो इमानानें उतरविला आहे. पण ही जागा रिकामी नाहीं. वनस्पतीच्या पेशींत तर इतकी भरलेली दुसरी जागाच नाहीं. हें नांव कसें पडलें, त्यामागील समजूत कशी पालटली, आणि या पालटाशीं आमच्या शेतकऱ्याचा संबंध काय, एवढें प्रस्तुत लेखांत सांगण्याचा आमचा विचार आहे. उदाहरण आम्ही नीरेच्या कांठचें घेणार आहों. कारण रिक्तिकेचा महिमा आणि तिची मर्यादा हीं दोन्ही तेथील शेतांत जितकीं उघड दिसतात तितकीं अन्यत्र क्वचितच दिसतील.

पुण्याहून साताऱ्यास जाणारा रस्ता नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यांत शिरतो, तेथेंच शिरवळ हें गांव आहे. इतिहासाच्या वाचकांस तें परिचित आहे तें जवळच्या बौद्ध लेण्यांमुळें, आणि इ. स. १६४८ त फत्तेखानाच्या स्वारीच्या वेळीं तेथील सुभानमंगळ गढीसाठीं झालेल्या झुंजीमुळें. परंतु शिरवळच्या खालच्या अंगास नीरेच्या दोन्ही तीरांवर मागील सव्वाशें-दीडशें वर्षांत जें स्थित्यंतर झालें, त्याचा इतिहास तरवारीचा नसून पाण्याचा आहे. १८७६-७७ च्या दुष्काळानंतर वीर येथून नीरेचा डावा कालवा काढण्यांत आला व १८८५ च्या सुमारास त्यांत पाणी खेळूं लागलें. भाटघरच्या धरणानें त्यास पुरवठा केला. पुढें उजवा कालवाही झाला. ज्या प्रदेशांत पावसाच्या भरंवशावर बाजरी-ज्वारी होत असे तेथें ऊंस उभा राहिला. १९३२ सालीं फलटण तालुक्यांत पाडेगांव येथें ऊंस संशोधन केंद्र निघालें. आणि १९९६ मध्यें प्रसृत झालेली को ८६०३२ ही उंसाची जात तर 'नीरा' याच नांवानें ओळखली जाते.

या साऱ्या उद्योगाचें मूळ धन म्हणजे साखर. ती उंसांत नेमकी कोठें असते, असें कोणा जाणत्या बागाइतदारास विचारलें तर तो "रसांत" असें उत्तर देईल. उत्तर खरें आहे, पण अपुरें आहे. रस तरी कशांत असतो?

उंसाच्या कांड्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेवला म्हणजे मधमाशांच्या पोळ्यासारखीं घरें दिसतात. प्रत्येक घर ही एक पेशी. तिच्या भोंवतीं तंतुमय पदार्थाची ताठ भिंत. भिंतीस आंतून लागून जीवद्रव्याचा अत्यंत पातळ लेप. आणि या लेपाच्या आंत, बाकीचें सर्व घर व्यापून, पाण्यासारख्या स्वच्छ द्रवानें भरलेली एक पिशवी. हीच रिक्तिका. तिला स्वतःचें पातळ आवरण असतें. आंतील द्रवास पेशीरस म्हणतात. कोंवळ्या पेशींत अशा पिशव्या अनेक व बारीक असतात; पेशी वाढते तशा त्या एकमेकींत मिळतात, आणि अखेर एकच मोठी रहाते. पूर्ण वाढलेल्या पेशीचा शेंकडा ऐशीं ते नव्वद भाग तिनेंच व्यापलेला असतो. घरधनी भिंतीशीं दाटून बसला आहे आणि सारें घर कोठारानें अडविलें आहे, असा हा प्रकार आहे. चरकांतून निघणारा रस म्हणजे मुख्यतः असंख्य रिक्तिका फोडून काढलेला रस होय.

मग इतक्या मोठ्या व इतक्या भरलेल्या जागेस रिकामी कोणीं म्हटलें, आणि कां? याचें उत्तर शोधण्यासाठीं वनस्पती क्षणभर बाजूस ठेवून पाण्यांतील सूक्ष्म जीवांकडे वळलें पाहिजे. कारण रिक्तिका प्रथम तेथें दिसली, व तिचें बारसेंही तेथेंच झालें.

इटलींतील लाझारो स्पालान्झानी यानें १७७६ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, सांचलेल्या पाण्यांतील जीवांच्या अंगीं तारकेच्या आकाराच्या पोकळ्या असून त्या ठराविक वेळानें फुगतात व मिटतात, असें नमूद केलें आहे. हा त्या जीवांचा श्वासोच्छ्वास असावा, असें त्यास वाटलें. पुढें सुमारें साठ वर्षांनीं बर्लिनचा विद्वान् एरेनबेर्ग यानें अशाच जीवांस नीळ व किरमिजी रंग खाऊं घालून पाहिलें; तेव्हां त्यांच्या शरीरांत रंगाचे अनेक गोळे दिसूं लागले. त्यावरून त्यानें अनुमान बांधलें कीं, हीं सर्व त्या जीवाचीं पोटें होत. १८३८ च्या आपल्या मोठ्या ग्रंथांत त्यानें या सूक्ष्म जीवांस मोठ्या प्राण्यांप्रमाणें पूर्ण इंद्रियें आहेत असें प्रतिपादन केलें, व त्यांच्या एका मोठ्या वर्गास 'बहुजठर' असें नांव दिलें.

फ्रान्समधील फेलिक्स द्युजार्दँ यास हें मान्य झालें नाहीं. त्याची शंका साधी होती. हीं पोटें असतील तर तीं आंतड्यानें जोडलेलीं असलीं पाहिजेत. आणि जोडलेलीं असतील तर तीं जागच्या जागीं असलीं पाहिजेत. पण हे गोळे तर शरीरांत स्वैर हिंडतात, नवे उत्पन्न होतात, जुने नाहींसे होतात! तेव्हां हे अवयव नसून, सजीव द्रव्यांत तात्पुरते पडणारे पोकळ अवकाश आहेत, असें त्यानें ठरविलें, आणि १८४१ च्या ग्रंथांत त्यांस 'व्हॅक्युओल' म्हणजे लहानशी रिकामी जागा असें म्हटलें. हें ध्यानांत घेतलें म्हणजे या नांवाचें मर्म कळतें. द्युजार्दँला आंत कांहींच नाहीं असें म्हणावयाचें नव्हतें. तुम्ही म्हणतां तें पोट तेथें नाहीं, असें म्हणावयाचें होतें. आमच्या मतें हें नांव वस्तूचें वर्णन म्हणून जन्मास आलें नाहीं, तें प्रतिपक्षाचें खंडन म्हणून आलें. वाद संपला, खंडन सर्वांस पटलें. आणि प्रसंग विसरला गेल्यावर लोक त्या खंडनालाच वर्णन समजूं लागले.

स्पालान्झानीस दिसलेल्या त्या फुगणाऱ्या-मिटणाऱ्या तारकांचें कार्यही पुढें उलगडलें. गोड्या पाण्यांतील जीवाच्या अंगांत विरघळलेलीं द्रव्यें बाहेरच्या पाण्यापेक्षां अधिक असतात. त्यामुळें पाणी सारखें आंत शिरत असतें. त्यास प्रतिबंध न झाल्यास तो जीव फुगून फुटेल. होडींत शिरणारें पाणी नावाडी जसें उपसून टाकतो, तसें ही आकुंचनशील रिक्तिका तें पाणी गोळा करून कांहीं कांहीं क्षणांच्या अंतरानें बाहेर टाकते. समुद्रांतील पुष्कळ एकपेशीय जीवांत ती नसते किंवा मंद असते, याचें कारणही यावरून समजतें; खाऱ्या पाण्यांत उपसण्याचें काम थोडें. हे जीव पहाण्यास दूर जावयास नको. गुरांच्या कोटीपोटांत असे जीव प्रचंड संख्येनें असतात, हें ग्रुबी व दलाफों यांनीं १८४३ मध्यें दाखविलें, आणि त्यांतील पुष्कळांत अशी रिक्तिका असते. शिरवळास १९८८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यास एरेनबेर्ग-द्युजार्दँ वादाचा विषय गोठ्यांतील गाईच्या पोटांतच सांपडावयाचा.

वनस्पतिशास्त्रांत हा शब्द श्लायडेनच्या लेखनांतून १८४२ च्या सुमारास आला. तेथें तो पेशीरसाच्या जागेस लागला, आणि येथून खरा घोटाळा सुरू झाला. १८४६ त ह्यूगो फॉन मोल यानें भिंतीलगतच्या चिकट द्रव्यास 'प्रोटोप्लाझम' म्हणजे जीवद्रव्य हें नांव देऊन त्याचें महत्त्व प्रस्थापित केलें. साऱ्या शास्त्रज्ञांचें लक्ष त्या जीवद्रव्याकडे लागलें. जिवंत तें जीवद्रव्य. मधला रस म्हणजे नुसतें पाणी, त्याची जागा म्हणजे रिक्त जागा. कोठाराकडे कोणी पाहीना, कारण सर्वांस घरधनी सांपडला होता.

ही दृष्टी पालटली ती एका साध्या प्रश्नानें: झाड कोमेजतें म्हणजे काय होतें? १८७७ त जर्मनींत विल्हेल्म फेफर यानें सच्छिद्र मातीच्या भांड्यावर असा एक पडदा बसविला कीं, त्यांतून पाणी जाई पण साखर जात नसे. आंत उंसाच्या साखरेचें द्रावण व बाहेर शुद्ध पाणी ठेवलें असतां पाणी आपोआप आंत शिरून दाब वाढूं लागला. शेंकडा एक भाग साखर असलेल्या द्रावणानें सुमारें त्रेपन्न सेंटिमीटर उंच पाऱ्याचा स्तंभ तोलून धरला. चहाच्या पेल्यांतील साखरेहून कमी गोड पाण्याचें हें बळ पाहून आश्चर्य वाटल्याशिवाय रहात नाहीं. यासच परासरण म्हणतात.

त्याच सुमारास हॉलंडचा ह्यूगो द फ्रीस याच प्रश्नाच्या मागें होता. प्रशियाच्या शेतकी खात्यासाठीं त्यानें क्लोव्हर, बटाटा व साखरेचा बीट या पिकांचा अभ्यास केला होता. म्हणजे त्याची पावलें प्रयोगशाळेंत शेताच्या वाटेनें आलीं होतीं. त्यानें पेशी तीव्र क्षारद्रावणांत ठेवून पाहिल्या. रिक्तिकेंतील पाणी बाहेर ओढलें गेलें, रिक्तिका आकसली, तिच्याबरोबर जीवद्रव्याचा लेप भिंतीपासून सुटला, आणि पेशीचा ताठरपणा गेला. पेशी शुद्ध पाण्यांत परत ठेवतांच ती पूर्ववत् ताठ झाली. याहून महत्त्वाची गोष्ट त्यानें १८८५ मध्यें प्रसिद्ध केली. सोऱ्याच्या तीव्र द्रावणांत जीवद्रव्याचा बाहेरचा भाग मेला, त्यानें रंग शोषून घेतला, तरी रिक्तिकेचें आवरण अखंड राहिलें, आणि त्यानें रंगास आंत येऊं दिलें नाहीं. म्हणजे ही भिंतीमधली नुसती पोकळी नव्हती. तिला स्वतःचें, निवड करणारें आवरण होतें. द फ्रीसनें त्यास 'टोनोप्लास्ट' म्हणजे ताण उत्पन्न करणारें असें नांव दिलें. नीरेच्या डाव्या कालव्यांत पाणी खेळूं लागलें तोच हा काळ. अॅमस्टरडॅममधील आवरणाचा शोध आणि नीरेकांठचें पाणी यांचा एकमेकांशीं संबंध आहे असें त्या वेळीं कोणाच्या स्वप्नींही आलें नसेल.

त्याच विद्यापीठांतील रसायनशास्त्रज्ञ व्हान्ट होफ याच्या नजरेस द फ्रीसनें फेफरचे आंकडे आणून दिले. व्हान्ट होफनें त्यांवरून द्रावणांच्या दाबाचा नियम काढला, आणि १९०१ सालीं रसायनशास्त्राचें पहिलें नोबेल पारितोषिक त्यास मिळालें. झाड कां कोमेजतें या माळ्याच्या प्रश्नांतून रसायनशास्त्राचा एक मूलभूत नियम निघाला.

यानंतर रिक्तिकेंत काय काय सांपडूं लागलें त्याची यादी लांब आहे. फुलांचे व फळांचे तांबडे-निळे रंग, लिंबाचें आम्ल, किड्यांस नकोसे वाटणारे कडू व विषारी पदार्थ, क्षार, शर्करा, हें सर्व तेथें. आमच्या अंगणांतील पानफुटीची एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. मद्रास इलाख्यांतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइने यानें लंडनच्या लिनियन सोसायटीच्या ग्रंथांत १८१५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या पत्रांत कळविलें होतें कीं, या झाडाचें पान सकाळीं आंबट लागतें, दुपारीं बेचव होतें व संध्याकाळीं किंचित् कडू लागतें. जिभेनें केलेल्या या निरीक्षणाचा अर्थ पुढें लागला: पानफुटी रात्रीं हवेंतील कर्बवायु घेऊन त्याचें आम्ल बनविते, तें रिक्तिकेंत सांठविते, आणि दिवसां सूर्यप्रकाशांत तें काढून वापरते.

कोठाराबरोबर तेथें पाकशाळा व उकिरडाही निघाला. १९६७ मध्यें माटिल व वीमकेन यांनीं यीस्टच्या रिक्तिका वेगळ्या काढून दाखविल्या, व त्यांत पाचक विकरें आहेत असें सिद्ध केलें. जपानमधील योशिनोरी ओसुमी यानें ज्यांची हीं पाचक विकरें निकामी झालीं आहेत अशा यीस्टच्या पेशी उपाशी ठेवल्या. कांहीं तासांत त्यांच्या रिक्तिका बारीक गोळ्यांनीं भरून गेल्या. पेशी स्वतःचेच निरुपयोगी भाग पुडक्यांत बांधून तेथें पाठवीत होती, पण पचन बंद असल्यामुळें तीं पुडकीं तशींच सांचलीं. हें निरीक्षण १९९२ मध्यें प्रसिद्ध झालें. त्यापुढील संशोधनाबद्दल २०१६ चें वैद्यकाचें नोबेल पारितोषिक ओसुमीस मिळालें. एरेनबेर्गनें जेथें पोट पाहिलें आणि द्युजार्दँनें जेथें रिकामी जागा पाहिली, तेथें शेवटीं एका अर्थानें पोटच निघालें! दोघांपैकीं कोणासही हंसण्याचें कारण नाहीं. दोघांनींही आपापल्या यंत्रांतून दिसलें तें प्रामाणिकपणें सांगितलें.

आतां नीरेकडे परत येऊं. पानांत तयार झालेली साखर कांड्यांत उतरते व तेथील पेशींच्या रिक्तिकांत सांठते. कांडें कोंवळें असतां रिक्तिकेंत साखर फोडणारें विकर जोरांत असतें. तें इक्षुशर्करेची द्राक्षशर्करा व फलशर्करा करितें, आणि ती वाढीस खर्ची पडते. कांडें पक्व होत जातें तसें हें विकर ओसरतें व इक्षुशर्करा शिल्लक पडूं लागते. ऊंस पिकला असें शेतकरी म्हणतो तेव्हां मुळांत हा जमाखर्च पालटलेला असतो. आडसाली ऊंस सोळा-अठरा महिने उभा ठेवावयाचा तो यासाठींच. पक्व उंसाच्या रसांत शेंकडा सोळा ते वीस भागांपर्यंत साखर असते. फेफरच्या आंकड्यानें हिशेब केला तर एवढ्या साखरेचा दाब दहा-बारा वातावरणांहून अधिक भरतो! पेशींच्या भिंतींतील रसांतही साखर उतरलेली असते, त्यामुळें दोहों बाजूंचा तोल कांहीं अंशीं सांभाळला जातो, व कांडें तडकत नाहीं.

तोडलेला ऊंस पडून राहिला कीं वजन व उतारा दोन्ही घटतात. चरकांतून काढलेला रस ठेवला तर काळवंडतो. हें गुऱ्हाळवाल्यास अनुभवानें ठाऊक आहे. त्यामागचें कारण असें कीं, जिवंत पेशींत आवरणाच्या अलीकडे-पलीकडे ठेवलेलीं द्रव्यें व विकरें रिक्तिका फुटतांच एकत्र येतात. चुलाणावर काहिलींत रस तापविला कीं विकरें नष्ट होतात, आणि मळी काढल्यावर गुळव्याच्या हातीं स्वच्छ पाक येतो. म्हणजे लवकर गाळणें व लवकर तापविणें हा गुऱ्हाळाचा जुना नियम शास्त्रास धरूनच आहे.

परंतु रिक्तिका गोडाप्रमाणें खारटही सांठविते, आणि नीरेच्या इतिहासाची दुसरी बाजू येथें सुरू होते. कालवा आला तेव्हां पाणी जितकें अधिक तितकें पीक अधिक, अशी समजूत होती. खोल काळ्या जमिनींत निचरा मंद. पाटाचें व शेताचें पाणी मुरून भूमिगत पाणी वर चढलें, त्याबरोबर जमिनींतील क्षार चढले. पाण्याची वाफ झाली, क्षार मागें राहिले. चांगल्या जमिनी चोपण झाल्या, त्यांवर पांढरी पपडी दिसूं लागली. कालवा सुरू होऊन पंचवीस वर्षें होतात न होतात तोंच, १९१० मध्यें, पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरल्ड मॅन व त्यांचे सहकारी व्ही. ए. ताम्हणे यांस 'नीरा खोऱ्यांतील क्षारजमिनी' या विषयावर स्वतंत्र पुस्तिका लिहावी लागली. पुढें सांगली जिल्ह्यांत कृष्णाकांठींही हीच कथा घडली.

ओल्या जमिनींत उभा असलेला ऊंस तहानेनें वाळावा, हें शेतकऱ्यास दैवाचा कोप वाटलें तर नवल नाहीं. पण द फ्रीसनें बशींत केलेला प्रयोगच येथें शेतांत घडत असतो. मुळाबाहेरचें पाणी खारें झालें म्हणजे तें आंत ओढून घेण्याचें रिक्तिकेचें बळ अपुरें पडतें. शिवाय पाणथळ जमिनींत मुळांस हवा मिळत नाहीं. जे क्षार आंत शिरतात ते जीवद्रव्यास अपायकारक; म्हणून झाड त्यांस रिक्तिकेंत कोंडूं पहातें. हें कोंडण्याचें काम करणारें एक वाहक द्रव्य अधिक प्रमाणांत तयार होईल असें केलें तर झाड खाऱ्या पाण्यांतही वाढतें, असें ब्लुमवाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९९ मध्यें एका लहानशा रोपट्यावर, व २००१ मध्यें टोमॅटोवर दाखविलें. पण उंसाची ही शक्ति बेताची आहे. आणि त्यानें क्षार कोंडले तरी ते त्याच कोठारांत जातात जेथें साखर आहे. खारवट जमिनींतील उंसाचा गूळ खारट उतरतो व नीट जमत नाहीं, त्याचें कारण हेंच. जमिनीवर केलेला अन्याय काहिलींत उतरतो.

उपाय अज्ञात नाहींत. चर खणावे, जमिनीखालीं निचऱ्याच्या नळ्या घालाव्या, पाणी ठिबकनें व बेतानें द्यावें, हें आज सर्वमान्य आहे व ठिकठिकाणीं केलेंही जात आहे. तथापि पाडेगांवची कितीही उत्तम जात लाविली तरी रिक्तिकेच्या नियमांतून तिची सुटका नाहीं, एवढें लक्षांत ठेविलें पाहिजे.

रिक्तिका हें नांव आतां बदलावें असें आमचें म्हणणें नाहीं. रूढ झालेलें नांव चालूं द्यावें. मात्र त्यापासून एक बोध घ्यावा. आपणांस जेथें कांहीं दिसत नाहीं तेथें कांहीं नाहीं असें समजून शास्त्रज्ञ चाळीस वर्षें अडखळले. आणि काळ्या जमिनीच्या पोटांत कांहीं दिसत नाहीं म्हणून तिच्यांत वाटेल तितकें पाणी मुरवीत आम्ही त्याहून अधिक काळ अडखळलों. पेशी पाणी घेते तें मोजून घेते: दाब पुरेसा झाला कीं भिंत आडवी येते व पाणी थांबतें. कालव्यास अशी भिंत निसर्गानें दिलेली नाहीं. ती कालव्याचें पाणी घेणारानेंच घालावयाची आहे.